उचलता येईल अशी कुंडी

ज्योतीला कुंडी घ्यायची म्हटली की ती आधी उचलून बघायची. रंग, घाट, तळाला भोक आहे की नाही, हे सगळं नंतर. दोन्ही हातांनी काठ धरायचा, कुंडी गुडघ्यापर्यंत आणायची आणि मातीनं भरल्यावर ही जिना उतरून टेम्पोपर्यंत नेता येईल का, याचा मनाशी अंदाज घ्यायचा. अंदाज जमला नाही की कुंडी परत जागेवर. मनमाड रोडला कानिफनाथचा कुंड्यांचा ठेला होता. त्याला तिची ही सवय पाठ झाली होती. ती लांबून दिसली की तो सिमेंटच्या कुंड्यांपासून उठून प्लास्टिकच्या चळतीपाशी जाऊन उभा राहायचा.

सवय उगीच लागलेली नव्हती. लग्न होऊन ती पाथर्डीकडच्या गावातून शहराला लागून असलेल्या नागापूरला आली, तेव्हापासून भाड्याच्या खोल्या बदलणं चालूच होतं. नवरा हनुमंत एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. कधी मालकाच्या मुलाचं लग्न ठरायचं आणि त्यांना खोली लागायची, कधी नळाच्या पाण्यावरून मालकिणीशी वाजायचं, कधी हनुमंतचं काम दुसऱ्या टोकाला जायचं. टेम्पो दारात लागला की आधी कपाट, मग गॅस, भांडी, गाद्या, पोरीची सायकल आणि उरलेल्या फटीत झाडं. पहिल्याच खेपेला तिची मोगऱ्याची मातीची कुंडी टेम्पोत आपटून फुटली. त्या दिवसापासून मातीचं भांडं बंद. मग तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, फळवाल्याकडून मागून आणलेली थर्माकोलची खोकी. त्यात तुळस, कोरफड, मिरची, पुदिना. जे थोड्या मातीत जगेल ते. गुलाबसुद्धा तिनं छाटून छाटून हातभरच ठेवला होता.

आणि हे तरी लग्नानंतरचं झालं. मूळ त्याच्याही मागं होतं. ज्योतीचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की घराला कुलूप, टोळीबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून लांबच्या कुठल्यातरी कारखान्याच्या रानात जायचं, तिथं राहायला पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालायची, आणि उन्हाळा लागता लागता गाळप संपलं की कोपी मोडून परत. एका वर्षी तिच्या आईनं, रंगुबाईनं, कोपीमागे मिरची लावली होती. मिरचीला फुलं धरली आणि नेमका ट्रॅक्टर आला. ज्योती तेव्हा अजून शाळेतही जात नव्हती. ट्रॉलीत बसून ती त्या मिरचीसाठी इतकी रडली, की शेवटी बापानं पाठीत धपाटा घातला. पुढं आयुष्यभर तिच्या मनानं एवढंच धरून ठेवलं, की जे बरोबर नेता येत नाही त्यात जीव गुंतवायचा नाही.

बोल्हेगावची खोली मिळाली तेव्हा संस्कृती, तिची मुलगी, तिसरीत होती. राधाकृष्ण काकांच्या घराचा वरचा मजला. दोन खोल्या आणि पुढं चांगली ऐसपैस गच्ची. काका एसटीतून निवृत्त झालेले, खाली एकटेच राहायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी किल्ली देता देता सांगितलं, "आमचा करण पुण्यात असतो. तो इकडं यायचं म्हणतोय. तो आला की वरचा मजला लागेल, बरं का. तसं महिनाभर आधी सांगेन मी."

"चालेल काका," ज्योती म्हणाली.

तिनं भिंतीला खिळा ठोकला नाही. जास्तीच्या भांड्यांची पोती बांधलेली होती, ती तशीच माळ्यावर टाकली. सोडायची आणि पुन्हा बांधायची कशाला?

पुढच्या दिवाळीनंतर रंगुबाई आली. ज्योतीचा बाप वारला होता. भाऊ बजरंग आणि भावजय टोळीबरोबर जायचे, आणि रंगुबाईचे गुडघे असे धरले होते की फडात तिचा काही उपयोग नव्हता आणि गावात एकटीला ठेवणं बरं नव्हतं. "तोडीचे दिस तुज्याकडं काढते," असं म्हणून ती एक पत्र्याची पेटी घेऊन आली. लेकीच्या दारात राहायचं म्हणून आधी संकोचली. हनुमंत म्हणाला, "मामी, इथं कोण परकं आहे?" तोडीचे दिवस संपले, बजरंग न्यायला आला, तेव्हा संस्कृतीनं आजीचा पदर सोडला नाही आणि रंगुबाई राहिली ती राहिलीच.

तिला दिवसभर करायला काही नव्हतं. उभा जन्म कोयता हातात धरलेली बाई, रिकामी बसली की हातांचं काय करावं ते तिला कळायचं नाही. मग ती गच्चीवर ज्योतीच्या डब्यांशी बसायची. माती उकरायची, पुदिन्याच्या काड्या इकडच्या तिकडं लावायची. एकदा गावाहून येताना तिनं पदराच्या गाठीत सीताफळाच्या काळ्याभोर बिया आणल्या.

"आपल्या डोंगराचं हाय," ती म्हणाली. "लई गोड फळ. हे लावायचं."

"आई, ते झाड होतं मोठं."

"व्हऊ दे की."

त्याच आठवड्यात रविवारी ज्योतीला तुळशीसाठी नवी कुंडी हवी होती, म्हणून ती आईला रिक्षात घालून कानिफनाथच्या ठेल्यावर घेऊन गेली. ज्योती प्लास्टिकच्या चळतीत शोधत होती. वळून बघते तर रंगुबाई ठेल्याच्या कडेला एका मोठ्या मातीच्या कुंडीशेजारी जमिनीवर बसलेली. रुंद तोंडाची, जाड भाजलेल्या मातीची, गुडघ्याइतकी उंच कुंडी. रंगुबाईनं आत हात घातला होता आणि ती आतली बाजू बैलाच्या पाठीवर हात फिरवावा तशी चाचपत होती.

"आजी, चांगल्या हातात पडली बघा," कानिफनाथ म्हणाला. "यात सीताफळ, डाळिंब, लिंबू, काय पायजे ते लावा. फळाला येतं. माती तापत नाय, मुळं गार राहतात."

ज्योतीनं काठ धरून बघितला. कुंडी जागची हलली नाही. नुसती रिकामी.

"आई, ही कशी न्यायची? उद्या काकांचा करण आला तर?"

"आला तर आला. चार मान्सं लावू."

"आणि नवीन मालकानं गच्चीवर नको म्हटलं तर? आपलं स्वतःचं घर होईल ना, तेव्हा पहिली हीच घेऊ. तुला शब्द देते."

रंगुबाईनं कुंडीतून हात काढला, लुगड्याला पुसला. "कोपीवर सा म्हयने ऱ्हायचो आमी," ती म्हणाली, "तरी मी मिरची लावायचीच. सोडून जायचं म्हनून लावायचंच न्हाई, आसं कदी केलं न्हाई." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. मग उठायला हात मागितला आणि म्हणाली, "पन तुजं बी बरोबर हाय. तुला निस्तरायचं आस्तंय."

ज्योतीनं एक हलकी काळी प्लास्टिकची कुंडी घेतली. ती तुळशीला. सीताफळाच्या बिया घरी रंगाच्या बादलीत पडल्या. हनुमंतनं तापवलेल्या सळईनं बादलीला खाली भोकं पाडून दिली.

बिया उगवायला फार दिवस लागले. संस्कृतीनं आशा सोडली होती. रंगुबाई मात्र रोज सकाळी बादलीवर वाकून बघायची. तीन रोपं वर आली, त्यांतलं एक ठेवलं. दोन पावसाळ्यांत ते संस्कृतीच्या खांद्याला लागलं. मग तिथंच थांबलं. पानं बारीक येऊ लागली. उन्हाळ्यात गच्ची तव्यासारखी तापायची आणि बादली हाताला चटका देईल इतकी. रंगुबाई तिला ओलं पोतं गुंडाळायची, दुपारी ओढत ओढत जिन्याच्या सावलीला न्यायची. गुडघ्यांना ते सोसायचं नाही, म्हणून ज्योती रागवायची.

दरवर्षी पाडव्याला काका भाडेकराराचा कागद काढायचे आणि म्हणायचे, "यंदा करणचं नक्की दिसतंय." दरवर्षी ज्योती मनातल्या मनात टेम्पो भरायची. करण दिवाळीला दोन दिवस यायचा, मिठाईचा पुडा द्यायचा, जायचा. संस्कृती आठवीत गेली, नववीत गेली. भांड्यांची पोती माळ्यावर तशीच.

एका वर्षी मृगाच्या तोंडावर सीताफळाला फुलं आली. हिरवट, जाड पाकळ्यांची, खाली माना घातलेली. रंगुबाईनं ज्योतीला पोळ्या टाकतानाच हात धरून बाहेर ओढत नेलं. आठवडाभरात सगळी गळाली. एकही धरलं नाही. ज्योतीनं कानिफनाथला विचारलं, तो म्हणाला, "मुळं भांड्याला लागली असतील, ताई. मोठ्यात टाका, पुढच्या वर्षी धरंल." ज्योतीनं घरी येऊन ते आईला सांगितलं नाही. पण रंगुबाईनंच त्या संध्याकाळी विचारलं.

"ज्योते, ती मोटी कुंडी आसंल का आजून त्याच्याकडं?"

"आई, फ्लॅट बघतोय आपण. दिवाळीपर्यंत होईल काहीतरी. आता या वेळी कशाला? एकदाच नव्या घरी नेऊ."

"बरं," रंगुबाई म्हणाली.

पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. काढला असता, भांडली असती, चार दिवस अबोला धरला असता, तर ज्योतीनं कदाचित घेतलीही असती. पण लेकीच्या घरात राहणारी बाई एखादी गोष्ट दोनदाच मागते. हे ज्योतीला फार नंतर कळलं. ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. फ्लॅट कधी लांब पडायचा, कधी त्याचे कागद नीट नसायचे.

पुढच्या वैशाखात भावकीतल्या एका पुतणीचं लग्न होतं म्हणून बजरंग आईला गावाकडं घेऊन गेला. ज्योती हळदीच्या दिवशी जाणार होती. रंगुबाई जाताना गच्चीवर गेली, बादलीला पाणी घातलं आणि म्हणाली, "एक दिवसाआड घाल. रोज नगं." मांडव घालायच्या आदल्या दिवशी बजरंगचा फोन आला. आईला ऊन लागलं होतं. पाथर्डीला दवाखान्यात नेलं होतं. ज्योती तारकपूरच्या स्टँडवरून गाडीत बसली. ती करंजीच्या घाटात असतानाच दुसरा फोन आला.

तेराव्यापर्यंत ती गावातच राहिली. संस्कृती तिच्याबरोबर होती. हनुमंत माती देऊन, दहावा करून परत गेला, पण तो पहाटे कामाला जायचा आणि रात्री यायचा, त्याच्या ध्यानात गच्ची राहिली नाही. ज्योती घरी परतली तेव्हा तुळस काडी झाली होती आणि सीताफळाची पानं करकरीत वाळून बादलीभोवती पडली होती. ती वाळकी पानं गोळा करायला लागली. हनुमंतच म्हणाला, "माझी चूक झाली." ती म्हणाली, "तुमची नाही."

पाऊस येईपर्यंत तिनं वाट पाहिली, फुटवा येतो का म्हणून. नाही आला. मग एका सकाळी तिनं बादली आडवी करून खोड ओढलं. सगळं एकदम बाहेर आलं. माती जवळजवळ उरलीच नव्हती. मुळंच मुळं. बादलीच्या आतून गोल गोल, एकावर एक वेढे घेत गेलेली, दोरखंडासारखी जाड, तळाच्या भोकांतून बाहेर पडायचा प्रयत्न केलेली आणि गच्चीच्या फरशीवर येऊन वाळलेली. बाहेर काढल्यावरही मुळांचा आकार बादलीचाच राहिला. ज्योती तिथंच खाली बसली आणि आई गेल्यावर पहिल्यांदा पोटातून रडली. संस्कृती आतून धावत आली. तिला वाटलं, आजीची आठवण आली. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं.

त्याच्यापुढच्या वर्षी सावेडीच्या बाजूला फ्लॅट झाला. दुसरा मजला, पूर्वेला बाल्कनी. टेम्पो शेवटचा भरला. माळ्यावरची पोती काढली तेव्हा ती बांधलेली दोरी हातात तुटली, इतकी जुनी झाली होती. ज्योती किल्ली द्यायला खाली गेली. काकांनी तिला बसवलं, स्वतः चहा केला. जाणार म्हणून ते कष्टी झाले होते.

"तुमच्या आई मला म्हणाल्या होत्या एकदा," ते म्हणाले. "झाड लावायला खाली जागा आहे का म्हणून. मी म्हटलं, टाकीच्या कडेला आहे की, लावा खुशाल. पण मग त्या काही आल्या नाहीत. म्हणाल्या, लेकीला विचारते."

ज्योतीच्या हातात कप होता. "मला नाही बोलली कधी," ती म्हणाली.

"राहून गेलं असेल."

"काका, करण येणार होता ना? दरवर्षी तुम्ही म्हणायचात. आम्हाला वाटायचं, कधीही निघावं लागेल."

काका जरा ओशाळले. "करण कुठला येतोय. त्यानं तिकडं घर घेतलं, त्यालासुद्धा किती वर्षं झाली. म्हणायचं आपलं. येईल असं म्हटलं की बरं वाटायचं मला."

ती टाकीकडं बघायला गेली नाही. जायला हवं होतं असं तिला टेम्पोत बसल्यावर वाटलं, आणि बरं झालं गेले नाही, असंही वाटलं.

नव्या घरात पहिल्या महिन्यातच संस्कृतीला बाल्कनी सजवायची होती. ती आता कॉलेजात होती, मोबाईलवर तिनं कितीतरी चित्रं शोधून ठेवली होती. कठड्याला अडकवायच्या पांढऱ्या लांबट कुंड्या, आत पाणी साठवणाऱ्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या. दोघी कानिफनाथकडं गेल्या. ठेल्याचं आता पत्र्याचं दुकान झालं होतं. मोठी मातीची कुंडी होती. तीच की तसलीच दुसरी, हे ज्योतीला सांगता आलं नसतं. तिनं या वेळी ती उचलून बघितली नाही.

"ही द्या," ती म्हणाली.

"ताई, कितवा मजला?" कानिफनाथनं विचारलं.

"दुसरा."

तो घुटमळला. "गच्ची येगळी आन बाल्कनी येगळी. ही ओल्या मातीनं भरली तर दोन-तीन मान्सांचं वजन व्हतंय. मी इकायला नाय म्हनत नाय. पन बाल्कनीला हलकंच बरं. हे फायबरचं बघा, दिसायला शेम, एका हातानं उचलतंय."

त्यानं दाखवायला ती उचललीसुद्धा. एका हातानं, डोक्याच्या वर.

ज्योतीला हसावं की काय करावं ते समजेना. आता कुठं जायचं नव्हतं, कुणी खोली खाली करा म्हणणार नव्हतं, आणि तरी तिला हलकीच कुंडी घ्यावी लागणार होती. संस्कृती म्हणाली, "आई, फायबरची छान आहे की. आपण दोन घेऊ."

"नको," ज्योती म्हणाली. "दोन नको."

तिनं मुलीला कठड्याच्या पांढऱ्या कुंड्या घेऊन दिल्या. फायबरची मोठी एकच घेतली. घरी आणल्यावर ती बाल्कनीच्या आतल्या बाजूला, भिंतीला लागून ठेवली. खाली विटांचे तुकडे, मग माती, शेणखत आणि वजन कमी व्हावं म्हणून अर्धं नारळाचं भुसकट. रोप तिनं कलमी आणलं, लवकर फळावर येणारं. सोसायटीतली शेजारीण म्हणाली, "अहो, बाल्कनीत सीताफळ कोण लावतं? शोभेचं काहीतरी लावा."

"असू दे," ज्योती म्हणाली.

हनुमंत एकदा संध्याकाळी चहा घेता घेता म्हणाला, "आपल्याला तरी काय माहीत होतं, बोल्हेगावला एवढी वर्षं निघतील? माहीत असतं तर घेतलीच असती की."

ज्योतीनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "माहीत नव्हतं म्हणूनच घ्यायला पाहिजे होती." हनुमंतला ते नीट कळलं नाही.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास त्या झाडाला दोन फळं आली. लहान, पण डोळे उघडलेली. एक तिघांनी खाल्लं. गोड होतं. ज्योतीनं बिया वेचायचं निमित्त करून मान खाली घातली. दुसरं तिनं कागदात गुंडाळलं आणि गावी घेऊन गेली. बजरंगची टोळी निघायला अजून वेळ होता. त्याच्या घरी भिंतीवर आईचा फोटो होता, मतदानाच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळं रंगुबाई त्यात जरा दचकल्यासारखी दिसायची. ज्योतीनं फळ फोटोपुढं ठेवलं.

"आईला सीताफळ आवडायचं व्हय?" बजरंगनं विचारलं. "मला तर कदी बोलली न्हाई. डोंगरात ढिगानं हुतं, पन तिला खाताना बगितल्याचं काय आटवत न्हाई."

"खायचं नव्हतं रे तिला," ज्योती म्हणाली. "लावायचं होतं."

बजरंगनं फळ फोटोच्या आणखी जवळ सरकवलं, मग त्यानं संस्कृतीच्या परीक्षेचं विचारलं. ज्योतीनं सांगितलं, पास झाली, चांगले मार्क पडले.